वांझ ताटं

मैंदर्गीकडच्या आमच्या मळ्यात मका पेरायचा तो ज्वारीच्याच पाभरीनं. दीड-दीड वितीवर ओळी, आणि ओळीत बोटाबोटाला रोप. सन तीसच्या आसपासची गोष्ट. मामंजी बैलांची पाभर हाकत आणि मागून चालत चाड्याच्या लाकडी वाटीत मुठीनं बी मी सोडत असे. माझे वडील म्हणायचे, मका पंगतीसारखा बसवावा, कोपराला कोपर लागला की कुणाचंच पोट भरत नाही. हे मी मामंजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मूठ सैल सोडायला सांगितली.

रोपं टीचभर झाल्यावर बांधाकडच्या आठ ओळींतल्या चार मी मोडल्या, उरलेल्या चारांत दर वितीला एकच रोप ठेवलं. सासूबाईंनी माझ्या ओच्यात उपटलेली रोपं पाहिली. लग्नाला तीन वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती. त्या खुरपणाऱ्या बायकांदेखत म्हणाल्या, "उगवल्यालं उपटती, मग हिच्या पोटी काय उगवंल?"

अजूनही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा मात्र मी मान खाली घालून रोपं शेळीपुढं टाकली. त्यांच्यापेक्षा माझाच मला जास्त राग येतो.

बाकीचं रान डोक्याच्या वर गेलं. मामंजी खूश. पण ताटं काडीसारखी बारीक, निम्म्यांना कणीसच नाही, आणि होतं त्यात दाणे म्हातारीच्या दातांसारखे विरळ. अशा ताटांना आमच्याकडं वांझ म्हणतात. सासूबाईंना शब्द आयताच सापडला. मका वांझ गेला तो वांझेच्या मुठीनं, हे त्यांनी गावभर केलं. एवढं दाट पेरायला कुणी लावलं, ते कुणी विचारलं नाही. नवरा शेजारीच बसून विळ्याला धार लावत होता.

माझ्या चार ओळींत मात्र दर ताटाला मनगटाएवढं, टोकापर्यंत भरलेलं कणीस. मामंजींनी एक सोलून बघितलं. दाण्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ही पुढल्या सालच्या बेन्याला ठेवा."

मी म्हणाले, "मामंजी, ही कणसं बी माझ्याच मुठीची हायती की."

ते कणसांची जुडी बांधत राहिले.

पुढच्या पेरणीला चाड्यावर दोन लेकरांची जाऊ आली. सासूबाईंनी मला घरातच थांबायला सांगितलं, रान पुन्हा वांझ जायला नको म्हणे. तिच्या ओटीत बियाणं घातलं ते माझ्या चार ओळींतलं, आणि त्याचे दाणे त्यांनी माझ्याकडूनच सोलून घेतले होते.