स्कोप चोवीसवर ठेवू की दहावर?

मंडळी, रविवारी रायफलची निवड चाचणी आहे आणि आज सरावात माझे वीसपैकी अकरा नेम चुकले.

रायफलवरच्या दुर्बिणीचा, म्हणजे नवीन स्कोपचा, झूम चोवीसपटवर ठेवला होता. पन्नास मीटरवरचं टार्गेट डोळ्यासमोर नुसतं थरथरत होतं. श्वास रोखला तरी थांबेना.

आमचे सर म्हणाले, "वैशाली, दहावर आण बघू."

आणलं. चित्र एकदम शांत झालं, मला हायसं वाटलं. पण नेम तसेच विखुरले.

"हात तेवढाच हलतोय गं," सर हळूच म्हणाले, "दहावर तुला तो दिसत नाही, एवढंच."

परळला घरी आले आणि बाथरूमचं दार लावून रडले. बेचाळीस वर्षांची आहे मी. पुढच्या वर्षी हा हात एवढीही साथ देणार नाही.

नेमबाजांनो, खरं सांगा, स्वतःचा थरथरता हात बघत तुम्ही ट्रिगर दाबू शकता का?