गोणीत भरलेला पुरावा

बोरी गावाजवळच्या कुकडी नदीकाठचे दगड मी युरियाच्या गोणीत भरले. चूक माझीच, म्हणून आधी तेच सांगतो.

दोन हजार सालच्या आसपासचा मे महिना. वीटभट्टीच्या मातीसाठी कुकडीचा काठ पोकलेनने खरवडत होते. आम्ही काही गावकऱ्यांनी पत्रकं वाटली : 'आदिमानवाचं घर वाचवा.' सोमवारी जुन्नरला तहसीलदारांपुढे आमच्या अर्जाची सुनावणी होती. मोर्चाला माणसं जमवतात तशी मी दगडी हत्यारं जमवली. जितकी जास्त, तितकं बरं.

शनिवारी पुण्याहून संशोधक बाई आल्या. मी गोणी अंगणात ओतली. त्यांनी एवढंच विचारलं, "यातला कुठला कुठे होता?"

मी गोणीकडे बोट दाखवलं.

"ती माणसं इथे का थांबली, काय खात होती, हे जागा सांगते. जागाच तुम्ही उचललीत."

पत्रकात मी ठोकून दिलं होतं, आदिमानव हत्ती मारून खायचे. कशावरून? कशावरूनच नाही.

आंबेगावच्या डोंगरातून कांदे काढायला आलेली मावशी पाणी प्यायला थांबली होती. ती हसली. "शिकार काय रोज गावती व्हय, भाऊ? उनाळ्यात पानी कुटं ऱ्हातं ते बगा. जनावर तितंच येनार, मानूस बी तितंच. खेकडं, शिंपलं, काठचं कंद. आमी अजून तेच करतो."

ती आम्हाला कोरड्या पात्रात घेऊन गेली. लव्हाळा हिरवा दिसला तिथे वाळू उकरली. हातभर खाली पाणी लागलं, झिरा तयार झाला. झिऱ्याच्या अगदी वर, काठाच्या मातीत, एका हत्याराचं टोक दिसत होतं.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. मी हात खिशात घातले.

पलीकडे पोकलेन उभा होता. त्याचा ड्रायव्हर म्हणाला, "पावणं, एका दगडाला राखण बसनार का आता?"

"बसणार."

"बसा की. सोमवारी मशीन चालू झालं की उठवतो."

बाईंनी फोटो काढले, मोजमाप घेतलं, पण काम पुरं व्हायला अजून काही दिवस हवे होते. सोमवारी सगळ्यांनी सुनावणीला जावं तर दगड एकटा, दगड राखावा तर सुनावणी बुडते.

"जावा तुमी," मावशी म्हणाली. "मी बसते. खेकडं बी धरीन."

सोमवारी एसटीच्या खिडकीतून, वळणावर मागे पाहिलं. ती झिऱ्यात वाकली होती. मागे पोकलेन सुरू झाल्याचा आवाज आला. मी घंटीची दोरी ओढली, एसटी थांबेना.