रिकाम्या स्टेडियममधली टाळी

रायपूरची मोठी स्टेडियमं बघायचा शौक माझा नव्हे, नवऱ्याचा. पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झाल्यापासून त्याचं एकच सुरू होतं, टीव्हीवर काय बघायचं, जाऊन बघू. आम्ही जायचं ठरवेपर्यंत त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टरने सांगितलं, पिकला आहे, काढून टाका. हा काढेना. सेक्टर सहाच्या बाजारात त्याने कापडाने झाकलेल्या एका स्कूटरला नमस्कार केला आणि घरची खुशाली विचारली, तरी काढेना. स्वतःची स्कूटर मात्र चालवायचा, आणि मागे मी बसायची. म्हणजे प्रश्न त्याच्या डोळ्यांचा होता आणि माझ्या हाडांचाही.

"या डोळ्यानं भट्टीतलं लोखंड पाहिलं," तो म्हणायचा. "निळ्या काचेतून रंग पाहून किती तापलं ते सांगत होतो. याले कोणी सुई लावन?"

"लोखंडाचा तर लोट होता. तेवढा मलेबी दिसते."

खरं कारण भीती होती. त्याच्या खात्यातल्या एका सोबत्याचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. गोष्ट जुनी, पण याने ती धरून ठेवली होती.

हथखोजच्या कारखान्यात कामाला असलेल्या आमच्या मुलाने नवा रायपूरच्या क्रिकेट स्टेडियमची दोन तिकिटं आणून दिली. स्टेडियम मोठं आहे, यात वाद नाही. गावापासून लांब, मोकळ्या रानात उभं. आत जाताना पिशवी तपासतात आणि घरचं खायचं काढून घेतात. माझी ठेठरी गेली. बेसनाची ठेठरी, तिचा कोणाला काय धोका? जिने चढून वर बसलो तर खाली खेळाडू तांदळातल्या खड्यांएवढे. माझे डोळे चांगले असून मला बॉल दिसला नाही. पण हा खुशीत. लोक उठले की उठायचा, लोक ओरडले की ओरडायचा.

"काय झालं?" मी विचारलं.

"चौका!"

शेजारचा पोरगा म्हणाला, "नहीं अंकल, आउट हुआ है."

"तेच म्हटलं," हा म्हणाला आणि आणखी जोरात टाळ्या वाजवू लागला.

परत येताना मी म्हटलं, तुम्हाला काही दिसलं नाही. तो म्हणाला, सगळं दिसलं. हजारो माणसांच्या गोंगाटात कोणाला काय दिसलं हे कसं ठरवायचं?

पुढे हिवाळ्यात हॉकीचं स्टेडियम बघायला गेलो. ते रायपूर शहरातच आहे. मॅच नव्हती, पोरींचा सराव चालला होता. चौकीदाराने म्हातारी माणसं म्हणून आत सोडलं. तिथली जमीन निळी आहे, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी तिच्यावर पाण्याचे फवारे मारतात. आमच्या खुर्सीपारच्या, नळावर रांग लावणाऱ्या बायकांनी ते पाणी पाहिलं असतं तर बादल्या घेऊन आल्या असत्या. पायऱ्यांवर आम्ही दोघंच. ऊन अंगाला बरं वाटत होतं. बॉल लागला की काठीचा टक्क आवाज येई, बाकी शांत.

एकदम मोठा टक्क झाला. हा उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. "वा! वा बेटी! गोल!"

गोल नव्हता. एका पोरीच्या नडगीवर बॉल बसला होता आणि ती पाय धरून खाली पडली होती. सगळ्या पोरी थांबल्या. पडलेल्या पोरीनेही मान वळवून वर पाहिलं. त्या एवढ्या रिकाम्या जागेत त्याची टाळी अजून वाजत होती.

"बसा खाली," मी म्हटलं. "पोरगी पडली. लागलं तिले."

तो बसला. पोरगी उठली, लंगडत बाजूला गेली, तिथे कोणीतरी तिच्या पायाला बर्फ लावला. त्याने विचारलं, "रडून राहिली का?"

"नाही. तुमच्याकडे पाहून राहिली."

त्याने टाळ्यांचे हात मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "मले निळं दिसते. निळ्यावर काही हलते, तेवढं दिसते. बाकी लोकायच्या आवाजावर चालवत होतो."

"मग आता?"

"आता काय, आज तर लोकच नव्हते." आणि मग हळूच, "माह्या सोबत्यासारखं झालं त मंग?"

"एका वेळी एकच डोळा करतात. बिघडला त दुसरा हाय. आणि आत्ता कोणता चालून राहिला?"

सांत्वन करायची मला सवय नाही. पण हिशेब त्याला पटला. निघताना तो कुंपणाच्या जाळीशी गेला आणि त्या पोरीला म्हणाला, "बेटी, माफ करना, दिखा नहीं मेरे को." ती हसली. कोण हसलं हे त्याला दिसलं की नाही, मी विचारलं नाही.

ऑपरेशन झालं, काळा चष्मा झाला, दुसराही डोळा झाला. उन्हाळ्यात इनडोअर स्टेडियममध्ये कबड्डीला गेलो. माझ्या मते म्हाताऱ्यांसाठी हेच सगळ्यांत चांगलं. वर छत आहे, खुर्चीला पाठ आहे आणि माणसं माणसाएवढी दिसतात. खेळ ऐन रंगात आला आणि हा ताडकन उठला. "लाइनवर पाय! पाय लागला!" शिट्टी त्यानंतर वाजली. पोरगा बाद.

"पहिले कोण बोललं?" त्याने मला विचारलं.

"तुमी."

मग तो खाली बसेचना. प्रत्येक पाय, प्रत्येक हात मोठ्याने सांगू लागला. मागची बाई मला म्हणाली, "आंटी, अंकल को बिठाइए ना, कुछ दिख नहीं रहा."

मी तिला म्हटलं, "इधर सरक जाओ. ये आज नहीं बैठेंगे."