वावर साफ केलं, डाक्टरसाहेब

शोभाताईंचा ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला होता आणि त्यांचे मालक, प्रल्हादभाऊ, मला शांतपणे सांगत होते, "गोळ्या बंद केल्या, साहेब. पंधरा दिस झाले."

"काऊन?" मी ओरडलोच.

"नवं बी पेराचं हाय ना? आधी वावर साफ नाई करा लागत?"

बियाण्याचं ते उदाहरण माझंच होतं.

मी मलकापुरात छातीचा डॉक्टर. शोभाताई संग्रामपूरकडच्या, घरची भाजीची शेती. त्यांच्या फुप्फुसांना आतून सतत सूज. ती वाढली की फुप्फुस कडक होतं, श्वास पुरत नाही. म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या. महिन्यापूर्वी भाऊंनी मोबाइलवर स्टेम सेलची जाहिरात दाखवली. मी म्हटलं, स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, तिच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात, बियाणंच समजा. पण या आजारावर अजून संशोधनच चालू आहे, जाहिरातवाल्यांच्या नादी लागू नका. खरी ट्रायल निघाली तर मीच सांगीन. भाऊंनी मान डोलावली. मीही माझ्या उदाहरणावर खूश! डोंबलाचं उदाहरण. त्यांनी त्यातलं बियाणं तेवढं घरी नेलं, आणि पेरणीआधी शेत साफ करावं तसं जुनं औषध अंगातून काढायला निघाले.

स्टिरॉइड बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम बंद केलं तर बीपी कोसळतं, शिवाय दबलेली सूज उसळते. ताईंचं दोन्ही झालं होतं. बीपी नव्वदच्या खाली, एका श्वासाला एक शब्द. सिस्टरने शीर शोधली, स्टिरॉइड सलाईनमधून चालू केलं, मास्क लावला.

"साहेब, जीव वाचन ना तिचा?"

"आत्ता सांगता येत नाही, भाऊ."

"म्याच मारलं का तिले?"

"चूक माझीबी आहे," मी म्हणालो. मला खरंच भीती वाटत होती. दोन दिवस मॉनिटरचा प्रत्येक आवाज माझ्या छातीत वाजत होता.

तिसऱ्या दिवशी ताईंनी मास्क बाजूला करून विचारलं, "वांगे कोन तोडून राह्यलं?" मी बाहेर जाऊन डोळे पुसले.

ताई वाचल्या. पण आता घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं, आधी लागत नव्हतं.

डिस्चार्जच्या दिवशी मी बियाण्याचं नावही काढलं नाही. गोळ्यांचं पाकीट भाऊंच्या हातात दिलं. "आता तुम्ही मले सांगा, काय करायचं?"

"गोळी आपल्या मनानं बंद कराची नाई. कमी कराची तं तुमाले पुसून."

"अन् मलेबी पुसून," ताई खाटेवरून म्हणाल्या. "छाती माही हाय."

तेव्हापासून माझं बोलून झालं की मी पेशंटकडून सगळं वदवून घेतो. ओपीडी तासभर उशिरा संपते. संपू दे.