नळी वळली की बाजूला

आमच्या ह्यांना पलूसच्या अंगाला सगळी मानसिंग हवालदार म्हणून वळखत्यात. मी त्यांची बायको, राहीबाई. मी त्यांना डोकेदुखी म्हणते, आणि तोंडावर म्हणते. पलटणीतनं पेन्शनीत आलं, थोडं दिवस खाटंवर लोळलं, आणि मग रिकाम्या पोल्ट्रीच्या शेडात गावातल्या पोरांना नेमबाजी शिकवायचं खूळ डोक्यात घेतलं.

खुळाला कारण व्हतं. जत्रंत आणलेल्या छऱ्याच्या बंदुका घेऊन पोरं चिमण्या टिपत हिंडायची. एकदा एकाच्या कानाला चाटून छर्रा गेला, तर त्याचा बाप हसत सांगतोय, "वाघ हाय माझं पोरगं!" त्या दिवशी हे घरी आलं आणि जेवलंच न्हाईत. म्हणालं, "राही, ह्या गावात एक दिवस पोर जाणार. हसता हसता जाणार." मी म्हटलं, "आवं, शुभ बोला की जरा!"

शेडातलं नियम असं, की पलटण परवडली. रायफल हवेवरची, पण ह्यांच्या लेखी तोफच. नळी कायम कागदावरच्या ठिपक्याकडं. नेम धरल्याबिगर बोट चापावर न्हाई. काम झालं की नळी मधनं मोडून ठेवायची, म्हंजे बार उडत न्हाई. आणि नळीत पिवळी दोरी ओवायची, म्हंजे लांबनं दिसतंय की आत काय न्हाई. शेवटचा नियम सगळ्यांत येडा. हातात बांबूची काठी घेऊन हे पोरांमधनं फिरणार आणि मधीच एखाद्यावर काठी रोखणार. त्यानं असंल ते काम टाकून बाजूला उडी मारायची. "नळी तुझ्याकडं वळली की बाजूला! धरणारा कुणीबी असूंद्या. मी असलो, बाप असला तरी."

मी म्हटलं, "पोरं हायती का बुजरी वासरं?" एक दिवस भाकरी करताना मीच ह्यांच्यावर उलथणं रोखलं, तर गडी खरंच बाजूला सरकला! मी पोट धरून हसले. आता हसू येत न्हाई.

ह्या पोरांत लालासाहेबांची नात पूजा सगळ्यांत पुढं. लालासाहेब म्हंजे गावातली मोठी असामी. ऊस लय, आणि आवाज उसापरास लय. पण नातीवर असा जीव, की ती आल्याबिगर ताटावर बसायचं न्हाईत. तिच्यासाठी त्यांनी नवी कोरी रायफल आणि छऱ्यांची डबी आणली. डबी घरात ठेवली, पण रायफल शेडातच कुलपात ऱ्हाणार, ही ह्यांची अट.

नवरात्रात त्यांचं सांगणं आलं. खंडेनवमीला घरच्या तलवारीशेजारी नातीची रायफल पुजायची. हे म्हणालं, "न्हाई." लालासाहेब म्हणालं, "हवालदार, वस्तू कुणाची?" आता मालकच मागतोय म्हटल्यावर ह्यांचं काय चालणार? ह्यांनी नळी मोडली, दोरी ओवली आणि बजावून दिली, "अशीच पुजा. सरळ करू नगा." जेवायला दोघांना बोलावणं व्हतं, पण हे फुरंगटून बसलं. मला म्हणालं, "तू जा. नळी मोडलेली हाय का, तेवढं बघ."

मधी काय घडलं ते मला मागनं कळलं, पण तुमाला आधीच सांगते. शस्त्रांचा पाट मांडताना लालासाहेबांच्या बायकोनं, साळूबाईनं, ती रायफल बघिटली. देवापुढं मोडकं शस्त्र? आणि तेबी रिकामं? रिकामी ओटी कधी भरत्यात का? त्यांनी लेकाला, जयराजला, सांगिटलं. जयराजनं दोरी काढली, नळी पुरती खाली वढली, तशी आतली स्प्रिंग ताणली, डबीतला एक छर्रा शकुनाचा म्हणून आत घातला आणि खट्दिशी नळी सरळ केली. वर झेंडूची माळ. मग तो मोटरसायकलवरनं आपट्याच्या फांद्या आणाय गेला, साळूबाई चुलीकडं वळल्या. पाप कुणाच्याच मनात न्हाई. तेच तर वंगाळ.

मी गेले तर खोलीत भाऊबंद, त्यांची पोरं जमलेली, आणि रायफल सरळ! कुंकू लावून, माळ घालून, नवरीगत पाटावर. पिवळी दोरी कोपऱ्यात केरसुणीपाशी. ह्यांना फोन लावला. पलीकडनं एवढंच आलं, "पोरं भाईर काढ. मी आलोच."

"लालासाहेब," मी म्हटलं, "आवं, तिला हात लावू नगा. हवालदार येत्यात."

"राहीबाई, तुमीबी पलटणीत भरती झालासा व्हय?" ते हसलं. सगळी खोली हसली. मी पोरांना भाईर चला म्हणते, तर पोरंबी हसत्यात.

तेवढ्यात त्यांनी पूजाला पुढं बोलावलं. "घे बाळा, उचल. धर माझ्यावर नेम. फोटू काढू."

पूजा जागची हलली न्हाई. "न्हाई आजोबा. दोरी न्हाई तिच्यात."

"अगं, रिकामी हाय!"

"बघितल्याबिगर न्हाई."

चारचौघांत नातीनं न्हाई म्हटलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं. लालासाहेबांचं तोंड लालबुंद झालं, त्यांनी पाटावरची रायफल माळंसकट उचलली. "घाबरट कुठली! बघ, काय व्हतंय ते." आणि हसत हसत नळी नातीकडं वळवली.

मी वरडले. पूजानं बाजूला उडी मारली, आणि तवाच लालासाहेबांनी चाप वढला.

फाट्!

मागच्या कपाटाच्या काचंला भोक पडलं. बरोबर पूजाच्या डोळ्याच्या उंचीला.

साळूबाई पळी घेऊन भाईर आल्या, काचंकडं बघिटलं, आणि खुळ्यागत म्हणाल्या, "आवं, तो शकुनाचा व्हता."

हे धापा टाकत आत शिरलं. लालासाहेबांच्या हातातनं रायफल घेतली, नळी मोडली, कोपऱ्यातली दोरी हुडकून ओवली. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मला तर त्या सगळ्या मोठ्या माणसांचा असा राग आला व्हता, की ताट न शिवता मी निघाले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सांजच्याला लालासाहेब नातीला घेऊन आमच्या दारात आलं. आवाज पार बसलेला. ह्यांना सोनं दिलं, हात जोडलं. मग आपट्याची पानं मुठीत धरून नातीकडं वळलं. "घे बाळा. सोन्यासारखी ऱ्हा."

पूजा बाजूला सरकली.

हात तसाच पुढं ऱ्हायला. "सोनं हाय गं," ते म्हणालं. "नुसतं सोनं हाय."

ती आमच्या ह्यांच्या पाठीमागं उभी ऱ्हायली, त्या मुठीकडं बघत. "आजोबा," ती म्हणाली, "आधी मूठ उघडून दाखवा."

लालासाहेबांनी मूठ उघडली. एकेक पान सुटं करून तिला दाखवलं.