अक्का रस्ता सोडून शेतात शिरली

मंडळी, दुपारपासून चैन नाही, म्हणून लिहितोय.

माझी मोठी बहीण, अक्का, सावद्याहून आलीय. मी युद्धाचा नवा शूटिंग गेम खेळत होतो. "आण इकडे," म्हणत तिने कंट्रोलर ओढून घेतला.

कमांडर ओरडत होता, "माझ्या मागे या!" रस्त्यावर बाणही दाखवला होता. अक्का सरळ डावीकडच्या शेतात शिरली. "थांब रे, या शेतवाल्यानं काय लावलं ते तं पाहू दे."

लगेच लाल अक्षरं आली : युद्धक्षेत्र सोडू नका, परत फिरा. आकडे उलटे सुरू झाले. अक्का चालतच राहिली. पडदा काळा झाला.

"गोळी कोनं मारली?"

"कोणीच नाही. लढाई सोडली की गेमच मारून टाकतो."

"मंग दुश्मन कोन व्हता रे?"

अशा गेममध्ये दर वर्षी बंदुका नव्या येतात, झाडाचं पान न् पान खरं दिसतं. चालायला रस्ता मात्र तोच, एकच!

लढाई सोडून पीक बघायला गेलेला माणूस जिवंत राहतो, असा एखादा युद्धाचा गेम आहे का? असेल तर आजच सांगा. अक्का सकाळच्या बसने परत जाणार आहे, आणि तिला अजून उत्तर मिळालेलं नाही.