एका पासवर्डचं एकत्र कुटुंब

आमच्या अक्काच्या दिरांइतका माणसांवर भाबडा विश्वास आणि यंत्रांवर कडक संशय असलेला गृहस्थ भालकीपासून कलबुर्गीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. निजामाच्या काळातले जमिनीचे उर्दू कागद मराठीत आणि कन्नडात उतरवून देणं हा त्यांचा धंदा. ते स्वतः भालकीत, उर्दू वाचणारे निवृत्त मास्तर बिदरला, कन्नड लिहिणाऱ्या एक वहिनी चिटगुप्प्याला आणि मराठी लिहिणारी सुजाता कमठाण्याला. चौघं आपापल्या घरी बसून काम करणार, पण चौघांचा ई-मेल एक, पासवर्ड एक आणि प्रत्येक पत्राखाली सही एकट्या अण्णांची. शिवाय या तिघांपैकी कुणासाठी त्याच पत्त्यावर मेल टाकला की अण्णा लगेच त्याला फोन करत, "धाडलोय बघ. आला का? वाच बरं, ऐकतो." मग समोरच्यानं तो शेवटपर्यंत वाचून दाखवायचा. एकदा मास्तरांचा फोन लागेना, तर मेल पोचला का हे बघायला अण्णा बसनं बिदरला गेले आणि तिथं जेवूनच परतले.

हा एकोपा एके दिवशी अंगाशी आला. त्यांना बहुतेक काम कलबुर्गीच्या एका वकिलांकडून येई. त्यांनी कागद कधी मिळतील असं विचारलं. मास्तरांनी कळवलं, गुरुवारी. वहिनींनी कळवलं, पुढच्या महिन्यात. सुजातानं कळवलं, कालच पाठवले. तिन्ही उत्तरांखाली अण्णा! वकिलांनी फोनवर विचारलं, "यातले खरे अण्णा कोणते?" आणि पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देईन, असंही बजावलं.

मी शाळेत कंप्युटर शिकवतो, त्यामुळे बोलावणं मला आलं. मी ई-मेलची सोय देणाऱ्या तीन कंपन्यांची तुलना वहीत मांडून नेली. जागा किती, सुरक्षा कशी, मोबाईलवर चालतं का, सगळं. अण्णांनी वही बाजूला सारली आणि सरळ तिन्ही कंपन्यांना फोन लावले. "मेल हरवला तर मी कुनाच्या दारात जाऊन बसू?" हा त्यांचा एकमेव तांत्रिक प्रश्न. पहिल्या कंपनीत यंत्रच बोललं, ती बाद. दुसरीकडच्या मुलाला आपलं गाव सांगायची परवानगी नव्हती, तीही बाद. तिसरीकडच्या मुलीला अण्णांनी आपल्या दखनी उर्दूत विचारलं, "बेटा, खाना खाए क्या?" ती हसून म्हणाली, "अभी नहीं, अंकल." झालं, कंपनी ठरली.

खरी अडचण पुढेच होती. मी म्हटलं, बाहेरच्यांसाठी कचेरीचा एक पत्ता ठेवू, तिथून उत्तर फक्त तुम्ही द्या. बाकी प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा पत्ता देऊ. अण्णांचा चेहरा उतरला. "कामून वेगळं करायलास रं? एकदा चुली वेगळ्या झाल्या की मानसं उठून जातेत." मला आधी हसू आलं, मग कळलं की ते खरंच घाबरलेत. बायको वारल्यापासून घरात ते एकटेच, आणि फोनवरची ही तीन माणसं हेच त्यांचं घर. शेवटी सुजाताच फोनवर म्हणाली, "अण्णा, तीन वर्सं झाली, मी लिवलेलं तुमच्या नावानं जायलंय. वकीलसाहेबांना मी हाय हेच ठाऊक न्हाई." अण्णांनी बाजूला सारलेली वही पुन्हा माझ्यापुढे ठेवली. मग मला म्हणाले, "तिचा पत्ता आधी कर. नाव नीट लिही."

त्यांची भीती खरी ठरली. ते सुबक मराठी कुणाचं हे वकिलांना कळलं, त्यांनी चार ठिकाणी सांगितलं आणि हैदराबादच्या एका मोठ्या कचेरीनं सुजाताला बोलावून घेतलं. अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. मी तिचा पत्ता बंद करायला बसलो तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. कुनी तिला हुडकत आलं तर?"

आता त्या पत्त्यावर येणारे मेल अण्णांकडे येतात. बरेचदा ते नवं, चांगलं काम असतं. अण्णा चष्मा पुसून एका बोटानं उत्तर लिहितात, की सुजाता मॅडम आता हैदराबादेत असतात, त्यांचा नवा पत्ता खाली देत आहे. या माणसावर माझा फार जीव आहे, पण राहवेना म्हणून एकदा मी विचारलंच, "अण्णा, एखादं काम आपल्याकडे ठेवलं तर काय बिघडेल?"

"तिच्या नावानं आलंय की रं," ते म्हणाले आणि पुढचं अक्षर शोधू लागले.